एकच फाइल, चार प्रिंटर : छपाई सगळीकडे सारखी यावी म्हणून काय करता?

पत्रिकावाली

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची त्रैमासिक पत्रिका निघते. ए५ आकार, १६ पानं, लेखन सभासदांचंच. वाचकांत वयस्कर माणसं पुष्कळ, म्हणून अक्षर १३ पॉइंटाच्या खाली न्यायचं नाही असं कार्यकारिणीत ठरलेलं आहे. जुळणी मी घरच्या संगणकावर वर्डमध्ये करते. कच्ची प्रत घरच्या इंकजेटवर निघते, मुद्रितशोधनाची शाळेतल्या लेझरवर, वाटपाच्या प्रती तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात, आणि वर्षातून एकदा विशेषांक ऑफसेटला जातो.

फाइल एकच, पण चारही ठिकाणी पत्रिका वेगळी उतरते. शाळेत एखाद्या पानाच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर जातात, मग पुढचं सगळं सरकतं आणि अनुक्रमणिकेतले आकडे खोटे ठरतात. दुकानात अक्षरच बदलतं. गेल्या अंकात एका आजींची कविता होती. त्यांनी ओळी जिथे तोडल्या होत्या तिथे त्या राहिल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, पण कवितेची ओळ कुठे संपते हे कवीनं ठरवायचं, प्रिंटरनं नाही, असं मला मनापासून वाटतं.

घरून निघालेली फाइल कुठल्याही प्रिंटरवर जशीच्या तशी उतरावी यासाठी ती कोणत्या रूपात द्यावी? पैसे खर्च न करता जमेल असं सांगा, वाचनालयाची शिल्लक बेताची आहे.

शाईपुसणी

पीडीएफ करा. विषय संपला.

गडकोट

लॅपटॉप उचला, प्रिंटरपाशी जा, वायर लावा. फाइल पाठवायची भानगडच नको.

सायक्लोस्टाइल

गडकोट, वायर लावली तरी त्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, लॅपटॉपवर घालावा लागतो, आणि ड्रायव्हर बदलला की नेमकी ताई म्हणतात ती सरकासरकी सुरू होते. मी डीटीपीत आयुष्य काढलं, हे रोज पाहिलंय.

ओळी का सरकतात ते सांगतो. वर्डची फाइल म्हणजे छापायचं पान नव्हे. त्यात मजकूर आणि सूचना असतात : हा फॉन्ट, एवढा समास, एवढं अंतर. ओळ कुठे तुटणार हे फाइल उघडल्यावर ठरतं, आणि ते ठरवताना वर्ड त्या संगणकाला नेमून दिलेल्या प्रिंटरचाही विचार घेतो. जुन्या रूपातल्या फाइलींसाठी तर वर्डमध्ये 'प्रिंटरच्या मापानं पान लावा' अशा अर्थाचा पर्यायच आहे. पेजमेकर या जुळणीच्या प्रोग्राममध्येही 'कंपोझ टू प्रिंटर' असायचं. ते कुठल्या यंत्रावर लावलंय हे न बघता फाइल दुसरीकडे नेली की अख्ख्या पुस्तकाच्या ओळी फिरायच्या. त्यात समोरच्याकडे तुमचा फॉन्ट नसला की दुसरा येतो, त्याची रुंदी वेगळी, आणि मग काही विचारायला नको.

त्यामुळे वर्डची फाइल बाहेर द्यायचीच नाही. पण नुसतं 'पीडीएफ करा' हेही अर्धंच उत्तर आहे. आमच्याकडे येणाऱ्या पीडीएफांतही फॉन्ट नसलेल्या कितीतरी निघतात. छापखान्याला सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची फाइल द्या, सगळा मजकूर कर्व्ह करून. अक्षराचं चित्रच झालं की कोणी काही बदलू शकत नाही.

अनुस्वार

सायक्लोस्टाइल काका, कर्व्हला माझा ठाम विरोध. मी मुद्रितशोधन करते. कर्व्ह केलेल्या फाइलीत शेवटच्या क्षणी 'दिर्घ'चा 'दीर्घ' करायला सांगितलं की ऑपरेटर हात वर करतो, कारण तिथे अक्षर उरलेलंच नसतं. मग कुठून तरी 'र्घ' उचलून चिकटवतात, तो बाकीच्या ओळीशी जुळत नाही.

शिवाय बारीक अक्षर कर्व्ह केलं की ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपक्यांच्या) लेझरवर किंचित जाड उतरतं. लहान आकारात रेघा नीट बसवण्यासाठी फॉन्टमध्ये खास सूचना असतात, त्या कर्व्ह करताना जातात. 'ष्ट्य', 'द्ध', 'क्ष्म' यांच्या पोटातली पोकळी भरून येते. वयस्कर वाचकांसाठी पत्रिका काढायची आणि जोडाक्षरंच बुजवायची हे मला पटत नाही.

सायक्लोस्टाइल

बारीक अक्षराबद्दल मान्य. मी बोलतोय ते निमंत्रणपत्रिका आणि मुखपृष्ठांबद्दल, तिथे कर्व्हच बरं. मजकुराच्या पानांना फॉन्ट आत घेतलेली पीडीएफ चालेल.

पेंग्विनप्रेमी

धागा वाचून राहवलं नाही. हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावर खूप हुशार माणसांनी डोकं लावलेलं आहे.

प्रिंटरला फाइल कळत नाही, त्याला त्याची भाषा कळते. एचपीचा पहिला लेझरजेट १९८४ साली आला, तेव्हापासून पीसीएल ही भाषा लेझर प्रिंटरांत रुजली. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अडोबी काढली, त्यांची पोस्टस्क्रिप्ट १९८५ साली ॲपलच्या लेझररायटरमधून बाहेर आली. डॉट मॅट्रिक्सवाल्यांची एप्सनची ईएससी/पी वेगळीच. आणि आपल्याकडे घरोघरी असलेल्या स्वस्त लेझरांना पीसीएलही येत नाही, पोस्टस्क्रिप्टही येत नाही. कॅनॉनचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाची स्वतःची भाषा बोलतो, एचपीचा १०२० झेडजेस्ट्रीम. पानाचे ठिपके संगणकच तयार करतो, प्रिंटर फक्त ते कागदावर उतरवतो. १०२० ला तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतला मूळ प्रोग्रामसुद्धा संगणकाकडून घ्यावा लागतो.

म्हणून काही लोक 'प्रिंट टू फाइल' करून जी पीआरएन फाइल बनवतात, ती ज्या प्रिंटरचा ड्रायव्हर निवडला त्याच्याच भाषेत असते. दुसऱ्या जातीच्या प्रिंटरला दिली तर तो ती मजकूर समजून छापत सुटतो. पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि 'पीएस' दिसलं तर ओळखा, पोस्टस्क्रिप्टची फाइल चुकीच्या प्रिंटरला गेली. लगेच कागद काढून घ्या, नाहीतर अख्खी रीम जाईल.

वॉर्नॉकनं १९९१ साली कॅमेलॉट नावाचा प्रकल्प मांडला, तो नेमका ताईंच्या प्रश्नावरच : दस्तऐवज कुठल्याही संगणकावर तसाच दिसावा आणि कुठल्याही प्रिंटरवर तसाच छापावा. त्यातून १९९३ साली पीडीएफ आली. २००८ पासून ती आयएसओचं मानक आहे, एका कंपनीची मक्तेदारी नाही. पानावर कोणतं अक्षर कुठे बसलंय हे पीडीएफमध्ये पक्कं होतं. ठिपके कसे उठवायचे हे त्या त्या ठिकाणचा संगणक आणि प्रिंटर बघून घेतात. पान तुम्ही ठरवायचं आणि यंत्राचं यंत्रापाशी सोडायचं, ही वाटणी मला पूर्ण पटलेली आहे.

शाईपुसणी

म्हणजे मी एका ओळीत लिहिलं तेच.

पेंग्विनप्रेमी

हो, पण शाळेत प्रमेयाखाली सिद्धताही लिहावी लागायची ना? :)

सायक्लोस्टाइल

पीआरएनची बाजू घेतो थोडी. छापखान्यातल्या इमेजसेटरचा (फिल्म काढणाऱ्या यंत्राचा) ड्रायव्हर आपल्याकडे घालून आम्ही पोस्टस्क्रिप्ट फाइल काढायचो आणि ती घेऊन जायचो. तिथे पेजमेकर नसलं तरी चालायचं, फॉन्ट नसला तरी चालायचं, फिल्म तंतोतंत यायची. यंत्र ठरलेलं असेल तर ती पद्धत उत्तमच होती. ताईंची यंत्रं चार आहेत, म्हणून त्यांना ती नको.

देठाचा_श

पत्रिकावाली, दुकानात अक्षर बदलतं म्हणालात. त्यात आणखी एक बारकावा आहे. फॉन्ट बदलला की मंगलसारखा हिंदी वळणाचा फॉन्ट येतो आणि आपला पाकळीचा ल, देठाचा श जातो. राज्य शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालेच्या निर्णयात ही दोन वळणं मराठीसाठी मुद्दाम नमूद केली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी लावलेली असेल तरच मराठी रूप दिसतं. म्हणून वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा मराठी करा आणि मगच पीडीएफ काढा. एकदा पीडीएफमध्ये बसलेलं रूप मग कुठलाही प्रिंटर बदलत नाही.

पत्रिकावाली

पाकळीच्या ल साठी मी स्वतः भांडणारी आहे, हे आजच करते. सायक्लोस्टाइल काका, पीडीएफमध्ये फॉन्ट आलाय की नाही हे कसं ओळखायचं? माझ्या संगणकावर तर दोन्ही तऱ्हेच्या पीडीएफ सारख्याच दिसतील ना?

सायक्लोस्टाइल

बरोबर, तुमच्याकडे सारख्याच दिसणार, कारण फॉन्ट तुमच्याकडे आहे. ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल, मग प्रॉपर्टीज, मग फॉन्ट्स. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड सबसेट' किंवा 'एम्बेडेड' हवं, म्हणजे फॉन्ट फाइलीच्या आत आहे. एकाही नावापुढे ते नसेल तर फाइल द्यायची नाही. काही फॉन्टांत ते दुसऱ्या फाइलीत घेऊ देण्याची परवानगीच बंद केलेली असते, तिथे हे अडतं. मुक्ता खुला फॉन्ट आहे, तिथे काही अडचण नाही.

वर्डमधून पीडीएफ काढताना ऑप्शन्समध्ये आयएसओ १९००५, म्हणजे पीडीएफ/ए असा चौकोन असतो. तो भरा. त्या प्रकारात फॉन्ट आत असणं सक्तीचंच आहे.

जुने लेख कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर जास्त जपा. तिथे पडद्यावर मराठी दिसलं तरी आत रोमन अक्षरंच असतात. कृतिदेवमधलं 'महारा' म्हणजे आत ई, जी, के, जे, के. फॉन्ट नसला की कागदावर तेच उतरतं. असे लेख आधी युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, फिरवून घ्या आणि फिरवल्यावर अनुस्वारताईंसारख्या कुणाकडून तरी वाचून घ्या. रफार आणि ऱ्हस्व इकार फिरवताना हमखास जागा सोडतात.

वकिली_बाणा

आमच्याकडचा अनुभव कागदाच्या मापाचा. सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०२० पासून ए४ कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई लागू केली, तोवर लीगलचं राज्य होतं. अजूनही कितीतरी दस्त आम्ही लांब कागदावर काढतो. गंमत अशी की ड्रायव्हरमध्ये 'लीगल' म्हणजे १४ इंच, ३५६ मिमी. दुकानात लीगल म्हणून मिळणारी रीम असते एफएस, २१५ × ३४५ मिमी. पानाच्या तळाशी ११ मिमी कमी! तळाशी सह्यांची ओळ असेल तर तीच कापली जाते. आता मी कागदाचं माप स्वतः भरून 'एफएस' नावानं साठवून ठेवलं आहे आणि पीडीएफ त्याच मापाची काढतो.

जर्सीकर

वकीलसाहेब, आमच्या अमेरिकेत तर ए४ च मिळत नाही. मंडळाचं गणेशोत्सवाचं पत्रक पुण्याहून मैत्रीण करून पाठवते, ए४ वर. इथे कागद लेटर, २१६ × २७९ मिमी. म्हणजे ६ मिमी जास्त रुंद, पण १८ मिमी कमी उंच. प्रिंटर एकतर ए४ कागद मागत दिवा लुकलुकवत बसतो, नाहीतर 'फिट' करून सगळं ९४ टक्क्यांवर आणतो. १२ पॉइंटाचं अक्षर ११.३ चं होतं, वडीलधाऱ्यांना कमी दिसतं.

आम्ही उपाय असा केला : पान ए४ च ठेवायचं, पण मजकूर, चित्रं, आरत्यांचे रकाने हे सगळं दोन्ही कागदांना सामाईक असलेल्या २१० × २७९ च्या आत, आणि त्यातही समास सोडून. मग पुण्यात ए४ वर आणि इथे लेटरवर, दोन्हीकडे १०० टक्क्यांनी छापता येतं. पीडीएफ वाचकात 'फिट'ऐवजी 'ॲक्च्युअल साइझ' आणि पान मध्यावर.

गडकोट

जर्सीकर, पत्रकात मोदकांचं चित्र होतं का? तेही ९४ टक्के झाले असतील.

जर्सीकर

मोदक ताटातले होते, ते १०० टक्के मिळाले :)

झेरॉक्स_पॉइंट

माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. आमच्याकडे काय होतं ते ऐका, म्हणजे फाइल कशी पाठवायची ते कळेल.

गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर पाठवतं. आम्ही ती संगणकावर ब्राउझरमध्येच उघडतो आणि तिथूनच प्रिंट देतो. समोर रांग असते, कोण कुठे सेटिंग बघत बसणार? ब्राउझर बऱ्याचदा पान छापण्याजोग्या जागेत बसवायला लहान करतो. तुमचं माप महत्त्वाचं असेल तर सोबत लिहून पाठवा : ए४, १०० टक्के, दोन्ही बाजू, लांब कडेवर उलट. लिहिलेलं असलं की आम्ही तसंच काढतो.

फोटो असलेलं काहीही व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते आकसतं, मग छपाई धुरकट आली म्हणून आमच्या टोनरला बोल लागतो.

आणि कडेपर्यंत रंग, कडेपर्यंत चौकट असं काही ठेवू नका. लेझर प्रिंटर कागदाच्या चारही बाजूंना साधारण ४ मिमी जागा कोरी सोडतो, जुने इंकजेट तळाशी त्याहून जास्त. प्रत्येक यंत्राची ही जागा वेगळी. चौकट १२ मिमी आत घ्या, मग कुठेही कापली जाणार नाही.

अनुस्वार

झेरॉक्स_पॉइंट, अशी माहिती दुकानाबाहेर फलकावर लावायला हवी. वाचनखूण साठवली.

खत_बियाणे

थोडं अवांतर, पण प्रश्न तोच. आमच्या दुकानात बिलं डॉट मॅट्रिक्सवर निघतात, कार्बनच्या प्रती लागतात म्हणून. जुना संगणक बदलला, नव्यावरून बिलं काढली तर प्रत्येक बिल आधीच्यापेक्षा वर वर सरकू लागलं आणि दहाबारा बिलांत पुन्हा जागेवर आल्यासारखं दिसायचं. कागद आमचा १० × १२ इंची सलग.

सायक्लोस्टाइल

हे सोपं आहे. डॉट मॅट्रिक्सवर इंचाला ६ ओळी. १२ इंची कागद म्हणजे ७२ ओळी. नव्या संगणकानं पान ११ इंची धरलंय, ६६ ओळींचं. दर पानाला एक इंच कमी पडतो आणि बाराव्या पानाला फेरा पूर्ण होतो. विंडोजमध्ये प्रिंट सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये १० × १२ चा नवा फॉर्म तयार करा आणि प्रिंटरला तोच लावा.

खत_बियाणे

झालं! सगळी बिलं जागेवर. काका, दंडवत.

लोणचेवाली

मीही अवांतर. कुरिअरची ४ × ६ इंची चिकटपट्टी थर्मल प्रिंटरवर काढते. पत्त्यातलं मराठी वाचता येतं, पण बारकोड स्कॅन होत नाही. तीच फाइल लेझरवर काढली तर होतो.

पेंग्विनप्रेमी

थर्मल बहुतेक २०३ डीपीआयचा असतो, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. ए४ वरचं लेबल लहान करून छापलं की बारकोडच्या रेघा पूर्ण ठिपक्यांवर बसत नाहीत, काही जाड होतात, काही बारीक. लेझरला ठिपके भरपूर, म्हणून तिथे निभावतं. कुरिअरच्या पानावर लेबलचं माप निवडता येत असेल तर ४ × ६ निवडून उतरवा आणि १०० टक्क्यांनी छापा. लहान-मोठं करायचंच नाही.

पत्रिकावाली

सगळ्यांचे आभार. बोलल्याप्रमाणे केलं : भाषा मराठी, मुक्ता फॉन्ट, पान ए५, समास आत, पीडीएफ/ए. फॉन्टची यादी तपासली, सगळीकडे 'एम्बेडेड सबसेट'. घरी आणि दुकानात ओळ न् ओळ तशीच आली, कविता जशी होती तशी. दुकानात कागदावर सूचना लिहून दिल्या होत्या, त्याचा फार उपयोग झाला.

शाळेत मात्र नवीनच. पानं सरकली नाहीत, पण मधूनच काही जोडाक्षरांच्या जागी चौकोन आले, तेही फक्त दोन पानांवर. पडद्यावर तिथे सगळं ठीक दिसत होतं.

पेंग्विनप्रेमी

पडद्यावर ठीक आणि कागदावर चौकोन म्हणजे फाइल चांगली आहे. ड्रायव्हर फॉन्टचे तुकडे प्रिंटरकडे पाठवतो, तिथे गडबड होतेय. रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन 'प्रिंट ॲज इमेज' करा. मग संगणक अख्ख्या पानाचं चित्र करून पाठवतो, प्रिंटरला अक्षरांशी काही देणंघेणं राहत नाही. वेळ जास्त लागेल, पण येईल. शाळेला तो ड्रायव्हर बदलूनही घ्यायला सांगा.

तसंही ड्रायव्हरचा हा पसारा हळूहळू आवरतो आहे. फोनवरून छापणारं एअरप्रिंट २०१० मध्ये आलं, मोप्रिया २०१३ मध्ये. त्यात प्रिंटर आपली माहिती स्वतःच सांगतो आणि ठरलेल्या रूपातलं पान स्वीकारतो. मायक्रोसॉफ्टनंही २०२३ साली कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्यानं मागे सारणार असल्याचं जाहीर केलं. नवा प्रिंटर घ्यायची वेळ आली तर वाचनालयानं एवढं विचारून घ्यावं : एअरप्रिंट किंवा मोप्रिया आहे का?

पत्रिकावाली

'प्रिंट ॲज इमेज'नं शाळेतले चौकोन गेले. आता उरला विशेषांक. छापखान्यालाही हीच पीडीएफ चालेल?

सायक्लोस्टाइल

मजकूर तोच, पण तीन गोष्टी बघा. एक, वर्ड काळा रंग आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात देतो, छापखान्यात तो चार शाईंचा काळा होऊ शकतो, आणि प्लेटा केसभर सरकल्या की अक्षराला रंगीत कडा येते. आतली पानं एकरंगी असतील तर छापखान्याला सांगा, 'फक्त काळ्यात घ्या.' ते त्यांना जमतं. दुसरं, वर्ड आपणहून फोटो २२० पीपीआयवर (इंचाला २२० बिंदूंवर) आणतं. पर्यायांत जाऊन ते बंद करा, ऑफसेटला ३०० हवेत. मुखपृष्ठ कडेपर्यंत रंगीत असेल तर चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यापुरता जादा रंग.

आणि पानं क्रमानंच द्या, एक ते सोळा. घरी आणि दुकानात ए४ वर दोन पानं मांडायला रीडरचं 'बुकलेट' वापरा, पण छापखान्याला मांडणी करून देऊ नका. त्यांचा कागद मोठा, घडी वेगळी, ते त्यांच्या हिशेबानं लावतात.

अनुस्वार

पत्रिकावाली, पीडीएफसोबत वर्डची मूळ फाइल आणि फॉन्टही एका फोल्डरमध्ये अंकाच्या नावानं ठेवा. काही वर्षांनी निवडक कवितांचं पुस्तक काढायचं ठरलं तर दुरुस्ती मूळ फाइलीतच करावी लागेल.

पत्रिकावाली

ठेवते. पुढच्या अंकासाठी मुद्रितशोधन कराल का? मानधन नाही, पण अंक घरपोच मिळेल.

अनुस्वार

आनंदानं. पीडीएफ पाठवा, इथे शेजारच्या दुकानातल्या प्रिंटरवर काढून बघते. तो पाचवा प्रिंटर.

झेरॉक्स_पॉइंट

सोबत सूचना लिहा ताई. ए४, बुकलेट, १०० टक्के.

सायक्लोस्टाइल

बुकलेट म्हटलं की १०० टक्के नको, दोन ए५ एका ए४ वर आपोआप पूर्ण मापात बसतात. आडवं पान, आणि उलटणं लहान कडेवर.

झेरॉक्स_पॉइंट

बरोबर, लहान कडेवर.